घरात ऑक्सिजन आला की: सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर आणि नाकातली नळी नीट कशी वापरायची

घरोघरी ऑक्सिजनची यंत्रं बसवायची आणि ती वापरायला शिकवायची, हे माझं रोजचं काम. पेशंट दवाखान्यातून घरी यायच्या आत मी पोचते. सिलिंडर कुठे उभा करायचा, नळी कुठून न्यायची, रात्री जवळ कोण असणार हे बघून घेते आणि मग घरातल्या दोघांना तरी बसवून सगळं त्यांच्या हातांनी करून घेते. एकालाच येत असेल तर गरज पडते तेव्हा नेमका तोच बाहेर गेलेला असतो.

शिकवताना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: ऑक्सिजन हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव आहे. डॉक्टर कागदावर ‘२ लिटर’ लिहितात, म्हणजे मिनिटाला दोन लिटर, ती मात्रा असते. एका गोळीच्या जागी तीन देताना आपला हात जसा थबकेल, तसाच तो फ्लोमीटरचा, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या नळीचा, नॉब फिरवतानाही थबकायला हवा.

हा वायू आहे तरी कसा

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, ७८ टक्के नायट्रोजन आणि उरलेल्यात बहुतेक आरगॉन. ऑक्सिजनला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणजे नळीतून तो येतो आहे की नाही हे नाकाला कळत नाही आणि खोलीत गळून साठला तरी कळत नाही. म्हणून सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा, फ्लोमीटरमधली गोळी आणि पाण्यातले बुडबुडे यांच्यावरच विसंबावं लागतं. कॅन्युलाची, म्हणजे नाकातल्या नळीची, टोकं पेलाभर पाण्यात बुडवली आणि बुडबुडे आले, की वायू येतो आहे. ही तपासणी मी प्रत्येक घरात करून दाखवते. त्यानंतर टोकं झटकून, पुसून मगच नाकात घालायची.

हवेपेक्षा तो थोडा जड असतो. शून्य अंशाला एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२९ ग्रॅम, तर ऑक्सिजनचं १.४३. फरक छोटा वाटतो, पण त्यामुळे चालू नळी पलंगावर पडून राहिली तर वायू गादीत, चादरीत, कपड्यांच्या घड्यांत मुरतो. आगीविषयी पुढे लिहिलं आहे तिथे हे आठवा.

उणे १८३ अंशांपर्यंत थंड केला की तो फिकट निळा द्रव होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, म्हणूनच मोठी रुग्णालयं आवारात उंच टाकी बसवतात आणि तिच्याजवळच्या नळ्यांवर बर्फ धरलेलं दिसतं. कारखान्यात हवा थंड करून तिचा द्रव करतात आणि उकळण्याच्या तापमानातल्या फरकावर नायट्रोजन व ऑक्सिजन वेगळे काढतात. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी ही पद्धत १९०२ च्या सुमारास कारखान्याच्या पातळीवर आणली.

ऑक्सिजन सर्वांत आधी स्वीडनच्या शीले यांनी तयार केला. जोसेफ प्रीस्टली यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने सूर्यकिरण पाऱ्याच्या भस्मावर एकवटून तो स्वतंत्रपणे मिळवला आणि आधी प्रसिद्ध केला. त्यात मेणबत्ती धरली तर ती विलक्षण जोमाने जळली, हे त्यांच्या नजरेत लगेच भरलं. त्यात कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा जास्त वेळ जगतो, हे नंतर दिसलं. ज्वाला आधी आणि श्वास नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घरात आलेल्या ऑक्सिजनचे हे दोन्ही गुण एकदमच आत येतात.

शरीरात काय होतं तेही थोडं समजून घ्या, कारण पुढचे बरेच गैरसमज त्याने मिटतात. रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटून फिरतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेवरच ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं. ज्याचं मुळात ९७ आहे त्याला वरून ऑक्सिजन दिल्याने रक्तात भर पडते ती नगण्य. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्त कमी असेल, हृदय थकलेलं असेल, भीती वाटत असेल तरी दम लागतो आणि तेव्हा बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असू शकतो. अशा वेळी चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्याने बरं वाटतं. संशोधनातही ते दिसलेलं आहे. दम कशाने लागतो ते मात्र डॉक्टरांनीच शोधायचं.

सिलिंडर हाताळताना

पहिली नजर लेबलवर. रंगावर जाऊ नका. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा असतो, अमेरिकेत हिरवा असतो, इतर ठिकाणी पूर्ण पांढराही दिसतो. नाव मात्र लेबलवर लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचा. चुकीचा वायू जोडला जाऊ नये म्हणून लहान सिलिंडरच्या तोंडाशी दोन भोकं असतात आणि रेग्युलेटरच्या (सिलिंडरवर बसवून दाब उतरवणाऱ्या भागाच्या) चिमट्याला त्याच जागी दोन खिळे. ऑक्सिजनसाठी जागा क्रमांक दोन आणि पाच, नायट्रस ऑक्साइडसाठी तीन आणि पाच. त्यामुळे एकाचा रेग्युलेटर दुसऱ्यावर बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही. सिलिंडर कोणता आला आहे ते पुन्हा बघायचं.

पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब साधारण १५० बार असतो, म्हणजे सुमारे २,२०० पीएसआय. एका चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलो. सिलिंडर पडून त्याचा व्हॉल्व्ह मोडला तर बाहेर झेपावणारा वायू त्या लोखंडाला भिंत फोडण्याइतक्या जोराने फेकू शकतो. म्हणून सिलिंडर मोकळा उभा ठेवायचा नाही. स्टँड, ट्रॉली किंवा भिंतीला साखळी, यातलं काहीतरी हवंच. पेशंटचा हात जाईल इतका जवळ नको, दाराच्या झेपेत नको, उन्हात नको, शेगडीच्या खोलीत नको. हलवताना व्हॉल्व्हला धरून ओढू नका.

जोडणी अशी. हात धुऊन कोरडे करा. हाताला तेल, मलम, क्रीम काही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाच्या डागाचा संबंध आला तर ते तेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. सिलिंडरच्या तोंडावरची पट्टी काढा, तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर करा आणि चावीने व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करा. फस्स असा आवाज येईल. तोंडाशी बसलेली धूळ त्याने उडून जाते. मग वॉशर बघा: एकच असावा, चिरलेला नसावा. रेग्युलेटर सरळ बसवून स्क्रू आवळा. फ्लोमीटरचा नॉब बंद आहे याची खात्री करा. आता चावी घड्याळाच्या उलट दिशेला हळूहळू फिरवा. ‘हळूहळू’ हा शब्द मी दोनदा म्हणते आणि माणसाचं मनगट बघते. व्हॉल्व्ह एकदम उघडला की रेग्युलेटरच्या छोट्याशा जागेत वायू झटक्यात दाबला जातो आणि तापतो. तिथे तेल किंवा कचरा असेल तर त्याच क्षणी भडका उडू शकतो. काटा सावकाश वर चढू द्या, मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

आता कान लावून ऐका. गळती असेल तर बारीक सूं असा आवाज येतो. व्हॉल्व्ह बंद करा, दाब उतरवा, रेग्युलेटर काढून वॉशर बदला. गळतीवर पट्टी गुंडाळणं, तेल लावणं, साबणाचा फेस लावून बघणं, यातलं काहीही नको. साबणातही स्निग्ध पदार्थ असतात.

फ्लोमीटरच्या काचेच्या नळीत गोळी असते. नॉब फिरवला की ती वर उचलली जाते. आकडा वाचताना डोळे गोळीच्या पातळीला आणा आणि गोळीचा मध्य ज्या रेघेवर आहे तो आकडा धरा. उभं राहून वरून बघणाऱ्याला आणि पलंगावरून खालून बघणाऱ्याला एकच गोळी वेगवेगळ्या आकड्यावर दिसते. दोन लिटरच्या जागी दीड चालू राहतो तो यामुळे. फ्लोमीटर सरळ उभा हवा, तिरका असला तर गोळी खोटं दाखवते.

बंद करताना क्रम असा. आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, फ्लोमीटर चालूच ठेवून काटा शून्यावर येऊ द्या, गोळी खाली बसली की मग नॉब बंद करा. रेग्युलेटरमध्ये दाब अडकून ठेवायचा नाही.

किती तास पुरेल

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्याचं उत्तर साध्या गुणाकार-भागाकाराचं आहे. सिलिंडरवर त्याची पाण्याची धारकता कोरलेली असते. ती गुणिले काट्यावरचा दाब बारमध्ये, म्हणजे आत किती लिटर वायू आहे ते. भागिले दर मिनिटाचे लिटर, म्हणजे किती मिनिटं. १० लिटर धारकतेचा सिलिंडर १५० बारवर असेल तर आत १,५०० लिटर. दोन लिटरने चालवला तर ७५० मिनिटं, साडेबारा तास. काटा ५० वर आला असेल तर ५०० लिटर, म्हणजे चार तासांपेक्षा थोडं जास्त. सुमारे ४७ लिटर धारकतेचा मोठा सिलिंडर भरलेला असताना ७,००० लिटर वायू देतो, दोन लिटरने ५८ तास. काटा पीएसआयमध्ये असेल तर आकड्याला १४.५ ने भागा, की बार मिळतात.

हे गणित ऑक्सिजनला चालतं, कारण तो सिलिंडरमध्ये वायूच असतो आणि दाब उरलेल्या साठ्याच्या प्रमाणात उतरतो. भूल देताना वापरायचा नायट्रस ऑक्साइड सिलिंडरात द्रवरूप असतो. त्याचा काटा द्रव संपेपर्यंत जागचा हलत नाही, मग एकदम कोसळतो. तो सिलिंडर वजनावरून तपासावा लागतो. घरात तो येत नाही. सांगण्याचं कारण एवढंच की काटा वाचण्याची ही सोय प्रत्येक वायूला नसते.

तुमच्या पेशंटच्या मात्रेचं कोष्टक एकदा करा: काटा १५०, १००, ५०, २५ वर असताना किती तास उरले. ते मोठ्या अक्षरांत लिहून सिलिंडरला अडकवा. रात्री तीन वाजता कुणाला भागाकार करायला लावू नये.

कॉन्सन्ट्रेटर

हे यंत्र ऑक्सिजन बनवत नाही, हवेतून गाळून देतं. आत झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांचे दोन स्तंभ असतात. एकात हवा दाबली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. तोवर दुसऱ्या स्तंभाचा दाब उतरून तिथला नायट्रोजन बाहेर पडतो. मग अदलाबदल. दर काही सेकंदांनी ठक् आणि पाठोपाठ फुस्स असा आवाज येतो तो या अदलाबदलीचा. पहिल्या रात्री तो सगळ्यांनाच खटकतो, आठवड्यात कानाला सवय होते. उलट तो आवाज थांबला तर जाग यायला हवी.

चांगल्या स्थितीतलं यंत्र सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन देतं. शंभर देत नाही, कारण आरगॉन झिओलाइटला सापडत नाही आणि तो ऑक्सिजनबरोबरच बाहेर येतो. घरच्या वापराला हे पुरेसं आहे. पाच लिटरचं यंत्र पाचच्या पुढे ताणलं तर प्रवाह वाढतो आणि शुद्धता घसरते, म्हणजे हाती काही लागत नाही. शुद्धतेचा दिवा पिवळा किंवा लाल झाला, तर सिलिंडरवर जा आणि दुरुस्तीसाठी कळवा.

यंत्र भिंतीपासून, पडद्यापासून निदान एक फूट लांब ठेवा. त्याला हवा आत घ्यायची आणि गरम हवा बाहेर टाकायची असते. कपाटात, पलंगाखाली, पांघरुणाआड कधीच नको. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. मागची किंवा बाजूची स्पंजची जाळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ओली जाळी लावली की ओल थेट दाण्यांकडे जाते आणि झिओलाइटला ओलीचं वावडं आहे. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं शुद्धता चढत असते, म्हणून आधी यंत्र लावा आणि मग नळी नाकात घाला.

पिशवीत मावणारी छोटी यंत्रं बहुतेक श्वासागणिक झुळूक देतात. त्यांच्यावरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे, तो फक्त पायरीचा क्रमांक आहे. अशा यंत्रावर चालताना आणि बसताना आकडा किती राहतो ते डॉक्टरांसमोर एकदा तपासून घ्या. झोपेत श्वास उथळ असतो किंवा तोंडाने चालतो, तेव्हा यंत्राला श्वास पकडता येईलच असं नाही.

नळी, मास्क आणि पाण्याची बाटली

नाकातल्या नळीला कॅन्युला म्हणतात. तिच्या दोन टोकांचा बाक खाली, चेहऱ्याकडे वळलेला असावा. उलटी घातली तर टोकं वर टोचतात आणि वायू नाकाच्या छताला लागतो. नळी दोन्ही कानांवरून आणून हनुवटीखाली सरकती कडी वर करा, दोन बोटं जातील इतकी सैल. कानामागे त्वचा लाल होते का ते रोज बघा, तिथे मऊ कापसाची गुंडाळी ठेवा.

साधी हवा २१ टक्के. कॅन्युलातून दर लिटरमागे अंदाजे चार टक्क्यांची भर पडते: एका लिटरला २४, दोनला २८, याप्रमाणे सहा लिटरपर्यंत. हा अंदाजच, कारण माणूस जोराने श्वास घेत असेल तर बाजूची हवा जास्त मिसळते. तोंडाने श्वास घेतला तरी कॅन्युला बरीच कामी येते. नाकामागच्या पोकळीत साठलेला ऑक्सिजन श्वासाबरोबर आत जातोच. जेवताना, बोलताना ती काढायची गरज नाही.

साधा मास्क पाच लिटरच्या खाली कधीच चालवू नका. त्याहून कमी प्रवाहात सोडलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच राहतो आणि माणूस तोच परत आत घेतो. पिशवी असलेला मास्क १० ते १५ लिटरवर चालतो. आधी बोटाने झडप दाबून पिशवी फुगवा, मग चेहऱ्यावर लावा. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतो आहे. मात्र घरी अशा मास्कची वेळ आली असेल तर रुग्णवाहिका वाटेवर असायला हवी. व्हेंचुरी मास्कला रंगीत तोंडं असतात आणि प्रत्येकावर टक्के व लिटर छापलेले असतात, निळं बहुधा २४ टक्क्यांचं, पांढरं २८ चं. छापलेलं वाचा आणि तेवढंच ठेवा.

ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये. पाणी रोज बदला, उरलेल्यात भर घालू नका, बाटली धुऊन वाळवा. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि तीच वाफ फुप्फुसात जाते. एक-दोन लिटरला बऱ्याच पेशंटना बाटली लागतही नाही. बुडबुडे येत नसतील तर बहुतेक वेळा झाकण आटे सोडून तिरकं बसलेलं असतं, ते आधी बघा. मग नळीला कुठे मोड पडली आहे का, पलंगाचा पाय तिच्यावर आहे का, हे जमिनीवरून बोट फिरवत तपासा.

नाक कोरडं पडलं तर पाण्यावर आधारलेली जेल चालते. पेट्रोलियम जेली, बाम, तेल चालत नाही.

बोटावरचा आकडा

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो आणि धडधडणाऱ्या रक्ताने त्यातला किती शोषला त्यावरून टक्के काढतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये हे तत्त्व मांडलं. नखाला रंग असेल, बोट गार असेल, हात हलत असेल तर आकडा बिघडतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. कोंडलेल्या धुरातून आलेल्या माणसाचा आकडा उत्तम दिसतो, कारण हे यंत्र कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनच समजतं. हात चोळून ऊब आणा, टेकवा, अर्धं मिनिट थांबा आणि आकडा स्थिरावल्यावरच लिहा. नाडीचा ठोका मनगटावर मोजा. यंत्रातली नाडी त्याच्याशी जुळत नसेल तर टक्केही खरे मानू नका.

आता मात्रेविषयी, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. बहुतेक आजाऱ्यांसाठी ९४ ते ९८ हा पट्टा धरतात. पण जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) असलेल्या अनेकांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ लिहितात आणि घरच्यांना ते पटत नाही. एका घरात आजोबांची मात्रा दीड लिटर होती, आकडा ९० असायचा. मुलाने रात्री तो बघितला, त्याला तो कमी वाटला आणि त्याने नॉब पाचवर नेला. आकडा ९८ झाला, सगळे निश्चिंत झोपले. सकाळी मी पोचले तेव्हा आजोबांचा चेहरा छान लालसर, बोटं उबदार, यंत्रावर ९८. पण हाक मारली तर डोळे अर्धेच उघडत होते आणि हात पुढे धरायला सांगितले तर पंजे झपकन खाली पडत होते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. ऑक्सिमीटरला तो दिसत नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून प्रवाह उतरवला आणि आजोबांना लगेच रुग्णालयात हलवलं. ते वाचले. त्या मुलाचं प्रेम मला त्या नॉबवर स्पष्ट दिसत होतं, म्हणूनच आता अशा प्रत्येक घरात मी पेशंटचा पट्टा विचारून फ्लोमीटरशेजारी चिकटवते: ‘९० चांगला आहे. वाढवू नका.’

अशा पेशंटला सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, बोलणं असंबद्ध होणं ही साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची लक्षणं असू शकतात. उलट ओठ निळसर होणं, एक वाक्य पुरं करता न येणं, ठरलेल्या मात्रेवरही आकडा पट्ट्याखाली राहणं ही ऑक्सिजन कमी पडल्याची. दोन्हींत डॉक्टर लगेच हवेत. ‘आकडा इतक्याखाली गेला तर इतके लिटर करा आणि मला फोन करा’ असं डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. नळी अचानक ओढून काढू नका, त्याने आकडा धोक्याच्या खाली जातो.

जास्त ऑक्सिजन इतरांनाही बाधतो. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ ऑक्सिजन देत असत. त्याने हजारोंची दृष्टी गेली. कारण १९५० च्या दशकात उलगडलं, तेव्हापासून मोजूनमापून देणं सुरू झालं.

आणि कमी वापरणंही चूक. फुप्फुसाच्या जुन्या आजारात रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असणाऱ्यांना दिवसाचे निदान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या व ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं. ‘सवय लागेल’ म्हणून दुपारी काढून ठेवणारे खूप भेटतात. ऑक्सिजनचं व्यसन लागत नाही. गरज आजारामुळे असते. झोपेचे तास धरले की पंधरा तास सहज भरतात.

आग

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो बळ देतो. हवेत नुसती धुमसणारी चादर ऑक्सिजन मुरल्यावर ज्वाळेने पेटते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या कुपीत, जमिनीवरच्या चाचणीत, शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले.

नळी लावलेल्या माणसाने सिगारेट-विडी ओढायची नाही, इतरांनी त्या खोलीत ओढायची नाही, ई-सिगारेटही नाही. शेगडी, मेणबत्ती, कुठलीही ज्वाला निदान तीन मीटर लांब. नळी लावून स्वयंपाक नको. सॅनिटायझर लावला तर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत नळीला हात लावू नका. नळी काढली की लगेच प्रवाह बंद करा. चालू नळी उशीवर ठेवायची नाही. ज्वालेजवळ जायचं असेल तर आधी अर्धा तास मोकळ्या हवेत थांबा, केसांत आणि कपड्यांत वायू राहतो. खिडकी किंचित उघडी ठेवा. आग लागलीच तर आधी माणसाची नळी काढा, हाताशी असेल तर व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळे बाहेर पडा.

जोडकामातला सिलिंडर

धातू जोडायला ॲसिटिलीनबरोबर ऑक्सिजन वापरतात, त्याची ज्वाला ३,००० अंशांच्या वर जाते. पोलाद कारखान्यात, मत्स्यशेतीत, सांडपाणी शुद्ध करायला हाच वायू लागतो. विमानात डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक वेळा रसायन तापवून तिथल्या तिथे तयार होतो आणि विमान खाली उतरेपर्यंतच्या काही मिनिटांपुरता असतो. वायू तोच, पण कारखान्याचा सिलिंडर घरी आणू नका. तो आधी कशाने भरला होता, आतून कसा साफ केला, त्यात ओल किंवा तेल आहे का, याची नोंद वैद्यकीय सिलिंडरसारखी ठेवलेली नसते. विमानप्रवास करायचा असेल तर कंपनीला आधी विचारा. स्वतःचा सिलिंडर सहसा नेऊ देत नाहीत, मान्यता असलेलं छोटं कॉन्सन्ट्रेटर चालतं आणि त्याच्या बॅटऱ्या उड्डाणाच्या वेळेपेक्षा बऱ्याच जास्त तास पुरतील इतक्या घ्याव्या लागतात.

वीज गेली तर

कॉन्सन्ट्रेटर असलेल्या प्रत्येक घरात भरलेला सिलिंडर रेग्युलेटर जोडून, व्हॉल्व्ह बंद करून उभा असावा. चावी त्यालाच दोरीने बांधलेली. जवळ टॉर्च ठेवा, मेणबत्ती मात्र नको. वीज गेली की यंत्र लांब शिट्टी वाजवतं. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, गोळी ठरलेल्या आकड्यावर आणा, नळी यंत्रातून काढून सिलिंडरला लावा, बुडबुडे बघा, घड्याळ बघून वेळ लिहा. हे मी घरातल्या दोघांकडून दिवे बंद करून करून घेते आणि हात सरावेपर्यंत पुन्हा करून घेते. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः करा, त्याच वेळी काटा तपासा. तो चौथ्या भागावर आला असेल तर नवीन सिलिंडर त्याच दिवशी मागवा, आणि रिकाम्याला ‘रिकामा’ अशी चिठ्ठी लावून, व्हॉल्व्ह बंद करून, भरलेल्यापासून वेगळा उभा करा.